माह्या कोपऱ्यावरच्या दिव्याची पट्टी

शालिग्राम माह्या पाठचा भाऊ. एका मायच्या पोटचे आम्ही दोघंच. मी उकंडराव मोठा, तो माह्याहून सात वर्षांनं लहान. त्याले सायकल मी शिकवली, पाटी मी आणून देल्ली, लग्न मी लावून देल्लं, अन् तेही असं का वरातीतले लोक दोन रोज जेवत होते. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे सांगून राह्यलो त्याच्यात मी त्याच्यासाठी काय केलं ते येत नाही. काय कराले नव्हतं पायजे, तेच येते.

आमचं गाव चिखली-खामगाव रस्त्याच्या अंगाचं. नाव लिहत नाही, लिहलं त जुने लोक अजून हासतीन. गाव लहान, पण नगरपालिका जुनी. खालच्या अंगाले आमचा भाजीपाल्याचा मळा. माही वांगी खामगावच्या बाजारात टोपलं खाली टेकवाच्या आधी विकल्या जात. हे मी म्हणत नाही, तिथले दलाल म्हणत. शिक्षण माहं चौथी, पण त्या वक्ताची चौथी. अर्ज लिहावा त उकंडरावनं, असं अर्ध गाव म्हणे. मले कोणी अरे-कारे केलं नाही, अन् कोणाच्या दारात मी भुईवर बसलो नाही.

शालिग्रामचं वेगळं. तो नगरपालिकेत दिवाबत्तीवर होता. तवा गावात वीज नव्हती. चौकात, वळणावर लाकडी खांब, खांबावर काचेची पेटी, पेटीत रॉकेलचा दिवा. असे चाळीस दिवे. वीस शालिग्रामचे, वीस भाऊराव नावाच्या दुसऱ्या गड्याचे. दिवस कलला का शालिग्राम खांद्यावर शिडी अन् हातात रॉकेलचा डबा घेऊन निंघे. शिडी लावे, चढे, काच पुसे, वात कातरे, काडी ओढे, उतरे. वाऱ्यात त्याची काडी इझली असं मी कधी पाह्यलं नाही. चांदण्या पंधरवड्यात नगरपालिका रॉकेल वाचवे, दिवे लावत नसत. त्याच्यामुळं तिथ्या त्याले तोंडपाठ. आमच्या गल्लीतल्या बायका एकादस कवा हाये ते पंचांगवाल्या महाराजाले नाही, शालिग्रामले इचारत.

त्याच्या अंगाले, सदऱ्याले, खांद्यावरच्या दुपट्ट्याले रॉकेलचा वास राहे. जेवाले बसलो का मी त्याले म्हणो, "तिकडं सरक बे, वरणाले वास लागते." तो हासे अन् सरके. तीस वर्षांचा माणूस, दोन पोरींचा बाप. मी म्हटलं का सरके.

आता घराचं सांगतो. ज्या साली महाराष्ट्र झाला त्याच साली आमचा बाप गेला. घर आमच्या नावावर कराचं होतं. नगरपालिकेच्या ओसरीत लोक ओळीनं फरशीवर बसत अन् कारकून आतून एकेकाले बलावे. मी गेलो, ओळ पाह्यली, अन् दारातूनच परत आलो. कोणाच्या पायाशी बसून मी आपलं नाव सांगू काय? शालिग्रामले म्हटलं, तू तिथलाच नोकर, तू बस. तो बसला. कारकुनानं इचारलं, मोठा भाऊ कुठं हाये? आला नाही. मंग सही कोण करन? शालिग्रामनं सही केली, अन् बुकात घर एकट्या शालिग्रामच्या नावानं लागलं. घरी येऊन त्यानं भेत भेत मले सांगतलं. मी म्हटलं, लागू दे. बुकात कोणाचंही नाव असो, गाव त उकंडरावचंच घर म्हणते. अन् म्हणतच होतं.

दोन सालानं मी घराले समोरून ओसरी काढली. शहाबादी फरशी, सागाचे खांब. आमच्या गल्लीत तशी ओसरी नव्हती, आजही नाही. नगरपालिकेचे लोक आले, फीत लावून मोजून गेले, अन् घरपट्टी वाढली. त्याच्यात दिवाबत्तीचा कर वेगळा लिहलेला. मी म्हटलं, आमच्या कोपऱ्यावर दिवा हाये कुठं? शेवटचा दिवा मारुतीच्या पारापाशी. तिथून माह्या ओसरीपर्यंत अंधारच अंधार. आधी दिवा लावा, मंग कर घ्या. दिव्याचा कर नाही त घरपट्टीही नाही, एक पैसा देणार नाही. मी शालिग्रामलेही म्हटलं, तुह्या हातात वीस दिवे, एक आपल्या कोपऱ्यावर आण. तो म्हणे, "दादा, खांब कुठं गाडाचा ते माह्या हातात नाही."

पैसे नव्हते असं नाही. पेटीत होते. मी देल्ले नाही. तीन सालं देल्ले नाही.

दिवाळी झाली का नगरपालिकेची जप्तीची गाडी गावात फिरे. पट्टी थकली त्याच्या घरचा पितळी हंडा, घंगाळ, जे हाताले लागन ते गाडीत घालत. आमच्या गल्लीतही येत. बाजूच्या घरचं घंगाळ नेलं, समोरच्याची लोखंडी खाट नेली. माह्या दारावरून गाडी सरळ गेली. पैल्या साली गेली, दुसऱ्या साली गेली. तिसऱ्या साली, म्हणजे चौसष्टच्या दिवाळीनंतर, तिनं वळूनसुद्धा पाह्यलं नाही. मी बसस्टँडवरच्या हाटेलात बसून सगळ्यायले सांगो, का उकंडरावच्या ओसरीवर पाय ठेवाले छाती लागते. लोक माना हालवत. मले वाटे, पटून राह्यलं त्यायले.

त्याच दिवाळीले शालिग्रामच्या पोरी मागच्या सालचे परकर घालून फिरल्या. मी त्याले चारचौघात म्हटलं, पगार काय गाडून ठेवतो काय बे. तो शिडी उचलून दिवे लावाले निंघून गेला.

डिसेंबर संपत आला होता. हाटेलात मी गाडीची गोष्ट पुन्हा सांगून राह्यलो होतो. भाऊराव तिथं बसला होता. बशीत चहा ओतता ओतता तो म्हणे, "उकंडरावदादा, गाडी कायले येईन तुमच्याकडं? तुमची पट्टी तुमचा भाऊ भरून राह्यला. दर महिन्याले पगारातून कापतात. पगाराच्या कागदावर माह्या खालीच त्याचं नाव हाये, मले दिसते ना."

कोणीतरी म्हटलं, "म्हणजे दिवा लावे तोही शालिग्राम, अन् दिव्याचा कर भरे तोही शालिग्राम." हाटेलवाला गल्ल्यावर बसून हासला. ते हासणं मी इतक्या वर्षांनं आत्ता लिहतानाही ऐकून राह्यलो. चहा अर्धा ठेवून उठलो.

शालिग्राम अंगणात दिव्याच्या काचा राखेनं घासत बसला होता.

"कवापासून कापून राह्यले?"

त्याले समजलं. हातातली काच खाली ठेवून म्हणे, "पोळ्यापासून."

"मले काऊन नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं त तू भरू देल्लं नसतं."

मंग त्यानं सगळं सांगतलं. पैले दोन सालं नगरपालिकेनं आपल्याच नोकराच्या नावचं घर म्हणून गाडी दारावरून सोडली होती. येत्या पाडव्याले गावात वीज येणार होती. रॉकेलचे दिवे बंद. दिवाबत्तीवरच्या दोघातून एकाले नगरपालिका विजेच्या दिव्यावर ठेवणार, कायम नोकरी, म्हातारपणी पेन्शन. दुसऱ्याले घरी. सायबाची नजर शालिग्रामवर होती, कारण भाऊराव उंचावर घाबरे. पण हुकूम असा, का मार्चअखेर ज्याच्या नावापुढं पट्टीची बाकी दिसन त्याचा इचार होणार नाही. अन् घर त शालिग्रामच्या नावावर. मोठे कारकून वामनराव त्याले म्हणाले होते, पगारातून महिन्याले नऊ रुपये कापू दे, मार्चपर्यंत साफ होऊन जाशीन.

"तीन महिने राह्यले, दादा," तो म्हणे. "मले खांबावर चढायचं हाये. तेवढं होऊ दे."

मी हे सगळं ऐकलं. ऐकलं नाही असं मी म्हणणार नाही. पण कानात हाटेल भरलेलं होतं. मी म्हटलं, "माही इज्जत तू नऊ रुपयाले इकली." अन् घरात निंघून गेलो.

त्या वक्ती पेटी उघडून सत्तावीस रुपये त्याच्या हातावर ठेवले असते, त गोष्ट तिथंच संपत होती. पण मी पेटी उघडली ती कागद काढाले.

अर्ज मी असा लिहला का वाचणाऱ्यानं उभं राहावं. घर उकंडरावचं, भोगवटा उकंडरावचा, कर उकंडरावले कबूल नाही. सबब शालिग्रामच्या पगारातून एक पैसाही कापू नये, कापला तो परत करावा, अन् सुनावणी घेऊन मले समक्ष बोलवावं. दुसऱ्या रोजी तो घेऊन गेलो. वामनराव माणूस जुना, मले ओळखे. मले पाहून त्यानं शिपायाले खुर्ची आणाले लावली. मी बसलो. त्यानं अर्ज दोनदा वाचला, चष्मा काढला.

"उकंडराव, हा अर्ज मी दाखल केला का कपात थांबते. सुनावणी होईपर्यंत थांबते. बाकी मात्र बुकात तशीच राह्यते. अन् भांडण दाखल असताना शालिग्रामनं हातानं पैसे आणले तरी मी ते घेऊ शकत नाही. मार्च किती लांब हाये ते पाहा. घरी न्या, इचार करा."

"कपात थांबवा," मी म्हटलं. "मले सुनावणी पायजे."

"भावाले इचारलं काय?"

"मोठा मी हावो."

त्यानं शिक्का मारला. मी उतरताना ओसरीतल्या ओळीतले लोक माह्याकडं पाहत होते. मले ते मानाचं वाटलं.

जानेवारीचा पगार शालिग्रामले पुरा भेटला. फेब्रुवारीचा पुरा भेटला. तो ते नऊ-नऊ रुपये कागदात गुंडाळून कोनाड्यात ठेवे, खर्च नाही करत. मले ते दिसे. एक रोज तो मळ्यात आला, वांग्याच्या वाफ्यापाशी उभा राह्यला, अन् म्हणे का दादा, अर्ज मागं घे, मी पैसे ठेवलेले हायेत. मी म्हटलं, सुनावणी होऊ दे, दिवाही आणतो अन् तुही नोकरीही आणतो. मी खरंच तसं समजत होतो. सुनावणीत काय बोलाचं ते पाठ करून ठेवलं होतं. मोटेवर बैलं हाकताना मी ते मोठ्यानं म्हणो.

होळीच्या दुसऱ्या रोजी एक गोष्ट झाली. शालिग्रामची बायको चांगुणा आमच्या घरात आली त्याले आठ वर्षं झाली होती. मी तिचा भासरा, त्याच्यामुळं आठ वर्षांत तिनं माह्यापुढं तोंड उघडलं नव्हतं. मी ओसरीत आलो का ती पदर ओढून आत जाये. आमच्यात तसंच असते. त्या रोजी मी जेवत होतो. ती चुलीपाशी पाठ करून बसली, अन् माह्या बायकोले, अन्नपूर्णाले, म्हणाली. पण इतकं मोठ्यानं का मले ऐकू येईन.

"बाई, दादायले म्हणा, त्यायचा मान आम्ही जन्मभर ठेवू. पण यायले ते एकच काम येते, उंचावर दिवा लावाचं. ते गेलं त हा माणूस जमिनीवर काय करन?"

अन्नपूर्णा माह्याकडं पाहत राह्यली. मी भाकर ताटात ठेवली, हात धुतला, बाहेर गेलो. सुनेनं भासऱ्यापुढं बोलावं, हाच राग मी दोन रोज धरून बसलो. काय बोलली ती, त्याचा इचार नाही केला.

सुनावणीची नोटीस आलीच नाही. मी वाट पाहत राह्यलो. रोज टपालवाला गल्लीतून जाये, मी ओसरीत धोतर नीट करून बसो. मार्चच्या शेवटच्या हप्त्यात मनात आलं का जाऊन अर्ज मागं घ्यावा. एक रोज नगरपालिकेच्या फाटकापर्यंत गेलोही. फाटकात भाऊराव उभा होता. त्यानं हात जोडून रामराम केला. मले वाटलं हा हासून राह्यला. कदाचित नसन हासला. मी रामराम घेतला अन् बाजाराचं काम असल्यासारखा पुढं निंघून गेलो.

एकतीस मार्चले दुपारी यादी लागली. भाऊरावचं नाव विजेच्या दिव्यावर. शालिग्रामच्या नावापुढं एकच शब्द लिहला होता, बाकी. त्याले उद्या शिडी अन् दिवे जमा कराले सांगतलं होतं. विजेचे खांब आधीच उभे झाले होते, पाडवा दोन रोजावर होता. अन् त्यातला एक खांब, सांगतो, माह्या कोपऱ्यावर होता. सरकारी लोकायनं आपल्या नकाशानं गाडला. माह्या अर्जानं नाही.

त्या रोजी संध्याकाळी भाऊराव दिवे लावाले गेला नाही, हाटेलात पेढे वाटत होता. शालिग्राम गेला. काळोखाचा पंधरवडा होता. त्यानं आपले वीस लावले, मंग भाऊरावचे वीस लावले. मी ओसरीत बसून पाहत होतो. मारुतीच्या पाराचा दिवा शेवटी लागला. त्या खांबावर तो जरा जास्त वेळ थांबला, काच पुन्हा पुसली, उतरला. घरी आला, शिडी माह्या सागाच्या खांबाले टेकवली, अन् हातपाय धुवाले गेला.

जेवाले बसलो. मी काही म्हटलं नाही, तरी तो ताट घेऊन सरकून बसला.

मले राहवलं नाही. मी म्हटलं, मी उद्या थेट सायबाले भेटतो. असा अर्ज लिहतो का यादी फिरवाच लागन. या गावात अजून उकंडरावचं वजन हाये.

शालिग्राम माह्यापुढं कधी आवाज चढवून बोलला नाही, त्या रोजीही नाही चढवला. ताटाकडं पाहत म्हणे, "दादा, तू आता बोलाले नोको जाऊ."

चांगुणा आत भाकर थापून राह्यली होती. तिचा हात थांबलेला मले ऐकू आला.

"जायचंच असन," तो म्हणे, "त नुसती पट्टी भरून ये."

सकाळी मी अन्नपूर्णा उठाच्या आधी पेटी उघडली. दहा वाजता हाफिस उघडते, मी साडेआठलेच ओसरीत जाऊन उभा राह्यलो. हळूहळू लोक आले अन् ओळीनं फरशीवर बसले. पैली एक म्हातारी, तिच्या मांडीवर पिशवी. तिच्या मागं बाजारातला न्हावी. वामनराव आला, त्यानं मले पाह्यलं, अन् आत जाऊन शिपायाच्या हातानं खुर्ची बाहेर पाठवली. मी शिपायाले म्हटलं, अर्ज मागं घ्याचा हाये अन् पट्टी भराची हाये, खुर्ची नोको. तो खुर्ची घेऊन उभाच राह्यला. मी न्हाव्याच्या मागं बसलो. फरशी थंड होती, अन् खडे रुतत होते. पाय कसे घ्यावे ते मले समजेना. न्हाव्यानं वळून पाह्यलं अन् पुन्हा तोंड तिकडं केलं. मी मनात नाव घोकत होतो. आत बलावल्यावर घर कोणाच्या नावचं म्हणून इचारतीन, तवा शालिग्रामचं सांगाचं, आपलं नाही.

तवाच शालिग्राम फाटकातून आत आला. खांद्यावर शिडी, मागून हातगाडीवर काचेच्या पेट्या. त्यानं ओळीत मले पाह्यलं. दोन पावलं पुढं गेला, थांबला, परत आला. शिडी भिंतीले टेकवली. खांद्यावरचा दुपट्टा काढला, झटकला, त्याची चौघडी केली.

"दादा, उठ जरासा," तो म्हणे.

मी उठलो. त्यानं दुपट्टा फरशीवर अंथरला. रॉकेलचा वास आला. त्यानं दंडाले धरून मले त्याच्यावर बसवलं, शिडी उचलली, अन् जमा कराले आत गेला.